लिनक्स कर्नेलच्या अद्ययावतीकरणानंतर उद्भवणारे यूएसबी साठवण उपकरणांचे दोष

लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नेल, नव्या आवृत्तीने बदलल्यानंतर पेनड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क, कार्ड रीडर यांसारखी यूएसबी साठवण उपकरणे काही वेळा संगणकाकडून ओळखली जात नाहीत, ओळखली गेल्यास मधूनच तुटतात, किंवा जोडलेली राहूनही त्यांवरील फाइली उघडत नाहीत. कालपर्यंत चालणारे उपकरण आज चालेनासे झाले आणि मधल्या काळात प्रणालीच्या अद्ययावतीकरणाखेरीज काहीच घडले नाही, ही या दोषांची ओळखीची खूण होय. अशा प्रसंगी उपकरणच निकामी झाले असावे असा समज होतो आणि ते पुसून नव्याने सिद्ध करण्याचा, म्हणजे फॉरमॅट करण्याचा, मोह होतो. प्रत्यक्षात यांतील बहुसंख्य प्रकारांत उपकरण आणि त्यावरील माहिती दोन्ही सुरक्षित असतात. बिघडलेला असतो तो कर्नेल आणि उपकरण यांच्यातील संवाद. म्हणून फॉरमॅट हा या दोषांवरचा उपाय नव्हे. माहिती कायमची गमावली जाते ती पुष्कळदा मूळ दोषामुळे नव्हे, तर या उतावळ्या उपायामुळे.

या लेखातील आज्ञांची व ड्रायव्हरांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर टंकताना ती लहान रोमन अक्षरांत लिहावी लागतात.

जोडणीपासून फाइलीपर्यंत

यूएसबी उपकरण जोडल्यापासून त्यावरील फाइल पडद्यावर दिसेपर्यंत कर्नेलचे अनेक भाग एकामागून एक कामाला लागतात. प्रथम पोर्टाचे नियंत्रण करणारा ड्रायव्हर उपकरण जोडले गेल्याची दखल घेतो, यूएसबी ३.० आणि त्यापुढील पोर्टांसाठी हे काम एक्सएचसीआय हा ड्रायव्हर करतो. मग उपकरणाला त्याची ओळख विचारली जाते. या ओळखीत उपकरणाचा वर्ग आणि दोन क्रमांक असतात, एक निर्मात्याचा व दुसरा उत्पादनाचा. हे दोन्ही क्रमांक प्रत्येकी चार षोडशमान अंकांचे असतात. ओळख पटल्यावर यूएसबी-स्टोरेज किंवा यूएएस यांपैकी एक ड्रायव्हर उपकरणाचा ताबा घेतो. हे दोन्ही ड्रायव्हर उपकरणाशी बोलतात ते मात्र यूएसबीच्या स्वतंत्र भाषेत नव्हे. डिस्कांसाठी १९८६ साली प्रमाणित झालेल्या स्कझी या जुन्या आज्ञावलीतच हा संवाद चालतो. यूएसबी ही केवळ त्या आज्ञा वाहून नेणारी वाट आहे. स्कझी स्तराने डिस्कचा आकार व विभाग जाणून घेतल्यावर फाइल प्रणालीचा ड्रायव्हर त्या विभागातील मजकुराचा अर्थ लावतो, आणि अखेरीस डेस्कटॉपवर उपकरणाचे चित्र उमटते.

या साखळीतील कोणतीही कडी नव्या कर्नेलमध्ये बदलू शकते. वापरणाऱ्याला मात्र एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे पेनड्राइव्ह दिसत नाही ही. त्यामुळे निदानाचा पहिला प्रश्न 'काय बिघडले' हा नसून 'कोठवर पोहोचले' हा असतो. एलएसयूएसबी या आज्ञेच्या यादीत उपकरणाचे नाव असेल, तर केबल, पोर्ट आणि पहिली ओळख येथवर सारे ठीक आहे. एलएसबीएलके या आज्ञेत डिस्क आणि तिचे विभाग दिसत असतील, तर ड्रायव्हर व स्कझी स्तरही आपले काम करीत आहेत आणि दोष फाइल प्रणालीत शोधावा लागेल. पहिल्या यादीत नाव आहे, पण दुसऱ्या यादीत डिस्क नाही, अशी स्थिती असेल तर अडचण ड्रायव्हरपाशी आहे. पहिल्या यादीतही नाव नसेल तर कर्नेलला दोष देण्यापूर्वी केबल बदलून पाहावी.

याहून तपशीलवार माहिती कर्नेलच्या नोंदींत मिळते. त्या डीमेसेज या आज्ञेने वाचता येतात. काही वितरणांत त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. डेस्कटॉपची भाषा मराठी असली तरी कर्नेलच्या नोंदी भाषांतरित होत नाहीत, त्या इंग्रजीतच येतात. उपकरण काढावे, नोंदींचा शेवट पाहून ठेवावा, उपकरण पुन्हा जोडावे आणि नव्याने आलेल्या ओळीच तेवढ्या वाचाव्यात. शेकडो ओळींच्या गर्दीत चाचपडण्यापेक्षा ही रीत सोपी आहे.

चालू कर्नेल जुने, मॉड्यूले नवी

सर्वांत साधा आणि तरीही सर्वाधिक गोंधळात टाकणारा प्रकार अद्ययावतीकरण पूर्ण झाल्यानंतर, परंतु संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वी घडतो. लिनक्समधील बहुतेक ड्रायव्हर कर्नेलच्या मुख्य भागात नसतात. ते मॉड्यूल नावाच्या स्वतंत्र फाइलींत असतात आणि गरज पडेल तेव्हाच स्मृतीत आणले जातात. प्रत्येक मॉड्यूल ज्या कर्नेलसाठी बांधले गेले त्याच कर्नेलला चालते. आर्च लिनक्ससारख्या वितरणात कर्नेलचे नवे पॅकेज आले की जुन्या आवृत्तीची मॉड्यूले डिस्कवरून काढली जातात. स्मृतीत मात्र संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत जुनेच कर्नेल चालू असते. अशा वेळी पेनड्राइव्ह जोडला की कर्नेल यूएसबी-स्टोरेज हे मॉड्यूल शोधू लागते आणि ते त्याला सापडत नाही.

याच कारणाने एक चमत्कारिक वाटणारी विसंगती दिसते. एकाच खोलीतील दोन संगणक एकाच दिवशी अद्ययावत होतात. एकावर पेनड्राइव्ह चालतो, दुसऱ्यावर चालत नाही. ज्या संगणकावर अद्ययावतीकरणापूर्वी त्याच दिवशी एखादा पेनड्राइव्ह जोडलेला होता, त्याच्या स्मृतीत ते मॉड्यूल आधीच आलेले असते, म्हणून त्याचे काम सुरळीत चालते. कधी यूएसबी-स्टोरेज स्मृतीत असते, पण फॅट फाइल प्रणालीचे मॉड्यूल नसते. मग डिस्क दिसते, पण उघडू पाहता 'अनोळखी फाइल प्रणाली' अशा आशयाचा संदेश येतो. फॅट आहे, पण तिला लागणारे अक्षरसंचाचे छोटे मॉड्यूल नाही, असेही होते. तेव्हा नोंदींत कोडपेज किंवा अक्षरसंच सापडला नसल्याचा उल्लेख येतो.

हा दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. यूनेम ही आज्ञा आर या पर्यायासह दिली की चालू कर्नेलची आवृत्ती कळते. त्याच नावाची निर्देशिका लिब निर्देशिकेतील मॉड्यूल्स या उपनिर्देशिकेत नसेल, तर कारण हेच. संगणक पुन्हा सुरू करणे हा त्यावरचा पुरेसा उपाय आहे.

पुन्हा सुरू करूनही यूनेम जुनीच आवृत्ती दाखवीत असेल, तर प्रकरण थोडे निराळे असते. बूट हा स्वतंत्र विभाग अद्ययावतीकरणाच्या वेळी जोडलेला नसल्यामुळे नवे कर्नेल भलत्याच जागी लिहिले गेले आणि संगणक मात्र जुन्याच फाइलीवरून सुरू होत राहिला, असा त्याचा अर्थ बहुधा निघतो. तो विभाग जोडून कर्नेलचे पॅकेज पुन्हा स्थापित करावे लागते. डेबियन, उबंटू, फेडोरा ही वितरणे किमान एक जुने कर्नेल त्याच्या मॉड्यूलांसह राखून ठेवतात, त्यामुळे त्यांत हा प्रकार क्वचितच आढळतो.

यूएएस ड्रायव्हरचे प्रकरण

नवे कर्नेल रीतसर सुरू झाले आहे, मॉड्यूलेही जागेवर आहेत, तरी बाह्य हार्ड डिस्क मोठी फाइल लिहिताना थबकते, तुटते, पुन्हा जोडली जाते आणि पुन्हा तुटते. या लक्षणामागे बहुधा यूएएस असतो. ड्रायव्हर सुधारला म्हणून उपकरणे बंद पडली, असे वरवर उफराटे वाटणारे हे प्रकरण या विषयातील सर्वांत बोधक उदाहरण आहे.

यूएसबी साठवण उपकरणांची मूळ पद्धत 'बल्क-ओन्ली ट्रान्सपोर्ट' या नावाने ओळखली जाते. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ३१ सप्टेंबर १९९९ ही दिनदर्शिकेत नसलेली तारीख छापलेली आहे. पद्धत मात्र मजबूत ठरली. संगणक ३१ बाइटांचे आज्ञापत्र पाठवतो, मग माहितीची देवाणघेवाण होते, आणि शेवटी उपकरण १३ बाइटांची पोच देते. ही पोच येईपर्यंत पुढची आज्ञा देता येत नाही. टपाल कचेरीच्या एकाच खिडकीपाशी एका वेळी एकच माणूस उभा राहावा, तसा हा व्यवहार आहे. पेनड्राइव्हला तो पुरेसा होता. वेगवान डिस्क आणि यूएसबी ३.० यांच्यापुढे मात्र तो अपुरा पडू लागला.

यूएएस, म्हणजे यूएसबीला जोडलेली स्कझी, ही त्यानंतरची पद्धत. तिच्यात आज्ञा, स्थिती, येणारी माहिती आणि जाणारी माहिती यांसाठी चार निरनिराळे मार्ग असतात आणि अनेक आज्ञा एकाच वेळी रांगेत ठेवता येतात. मॅथ्यू विल्कॉक्स आणि सॅरा शार्प यांनी इंटेलमध्ये असताना २०१० साली लिनक्ससाठी हा ड्रायव्हर लिहिला. तो कर्नेलमध्ये आला, परंतु त्यातील त्रुटींमुळे पुढे काही काळ 'मोडका' अशी खूण करून बाजूला ठेवला गेला. रेड हॅटमधील हान्स दे खुडे यांनी त्याची डागडुजी केली आणि जून २०१४ मध्ये आलेल्या कर्नेल ३.१५ पासून तो पुन्हा वापरात आला.

खरी अडचण येथून पुढे सुरू झाली. बाजारातील बाह्य डिस्कांच्या पेटीत डिस्कखेरीज एक छोटी चिप असते. एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला साटा अशा दोन भाषांमध्ये ती दुभाष्याचे काम करते, म्हणून तिला सेतू-चिप म्हणता येईल. अनेक सेतू-चिपा जुनी व नवी अशा दोन्ही पद्धती येत असल्याचे जाहीर करतात. ३.१५ च्या आधीचे कर्नेल त्यांच्याशी जुन्या पद्धतीनेच बोलत असे, त्यामुळे नव्या पद्धतीतील त्यांचे कच्चे दुवे उघडे पडत नसत. नवे कर्नेल त्यांनी जाहीर केलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून यूएएसने बोलू लागले आणि दुभाष्या अडखळू लागला. दोष चिपेत पहिल्यापासून होता. तो प्रकट झाला अद्ययावतीकरणाच्या दिवशी. वापरणाऱ्याने त्याचे खापर कर्नेलवर फोडले तर ते चूक आहे, पण अस्वाभाविक नाही.

असमीडिया या कंपनीच्या चिपांचे उदाहरण कर्नेलच्या मूळ संहितेतच टिपणासह नोंदलेले आहे. एएसएम१०५१ या चिपेच्या काही प्रतींत यूएएस नाही, काहींत आहे पण पुष्कळशा डिस्कांबरोबर ते नीट चालत नाही. एएसएम१०५३ मध्ये ते चालते, पण मोठ्या देवाणघेवाणीत अडचण येते. एएसएम११५३ मध्ये ते चालते. आता एएसएम१०५१ तेवढी टाळायची म्हटले, तर या साऱ्या चिपा एकमेकींचेच ओळख-क्रमांक वापरतात, त्यामुळे क्रमांकावरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. यावर ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी आडवाट शोधली. एएसएम११५३ आपली विजेची मागणी शून्य नोंदवते, एएसएम१०५१ आणि एएसएम१०५३ तसे करीत नाहीत. उरलेल्या या दोघींत, यूएसबी ३ वर जोडल्यास, किती प्रवाह एकाच वेळी हाताळता येतात हे पाहिले जाते. एएसएम१०५१ हा आकडा ३२ सांगते, तर सुरुवातीच्या एएसएम१०५३ चिपा १६ सांगतात. पुढच्या एएसएम१०५३ चिपाही ३२ सांगतात, पण त्यांचा उत्पादन-क्रमांक निराळा आहे. क्रमांक एकच असलेल्या जुळ्यांना चालीवरून ओळखण्याचाच हा प्रकार आहे.

यूएएसमुळे होणारा बिघाड नोंदींवरून बऱ्यापैकी खात्रीने ओळखता येतो. यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर हे नाव असलेल्या ओळी आणि त्यांच्यापाठोपाठ उपकरण पुन:पुन्हा रीसेट केल्याच्या ओळी दिसल्या, की संशयाला जागा उरत नाही. एलएसयूएसबी ही आज्ञा टी या पर्यायासह दिल्यास कोणत्या उपकरणाचा ताबा कोणत्या ड्रायव्हरकडे आहे, हेही कळते.

त्या एका उपकरणापुरती जुनी पद्धत वापरण्यास कर्नेलला सांगणे, हा यावरचा उपाय आहे. यासाठी यूएसबी-स्टोरेज मॉड्यूलला क्वर्क्स नावाचा पर्याय देतात. त्यात उपकरणाचा निर्माता-क्रमांक, उत्पादन-क्रमांक आणि 'यू' हे अक्षर, असे तीन भाग विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी, म्हणजे कोलनने, जोडून लिहितात. दोन्ही क्रमांक एलएसयूएसबीच्या यादीत त्याच क्रमाने मिळतात. हा पर्याय कर्नेलच्या आरंभीच्या आज्ञा-ओळीत, म्हणजे बहुतेक संगणकांवर ग्रबच्या मांडणीत आणि रास्पबेरी पायवर सीएमडीलाइन या मजकूर-फाइलीत, लिहिता येतो; किंवा मॉडप्रोबच्या मांडणीत त्याची एक ओळ घालता येते. पुन्हा सुरू केल्यावर या उपकरणासाठी यूएएसकडे दुर्लक्ष केल्याची नोंद दिसली, म्हणजे पर्याय लागू झाला. लिहिण्या-वाचण्याचा वेग काहीसा कमी होतो. माहितीच्या सुरक्षिततेपुढे ही किंमत फार नाही.

याऐवजी यूएएस हे मॉड्यूलच वर्ज्य यादीत टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो उपयोगी नाही. उपकरण यूएएससाठी योग्य आहे असे दिसले की यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हर त्याचा ताबा घेण्याचे स्वतःहून नाकारतो. यूएएस प्रत्यक्ष उपलब्ध आहे की नाही, हे तो पाहत नाही. मग उपकरणाला कोणीच वाली उरत नाही, आणि मधूनमधून तुटणारी डिस्क पूर्णपणेच दिसेनाशी होते.

क्वर्क्सच्या यादीत इतरही अक्षरे आहेत. उदाहरणार्थ, डिस्कचे आरोग्य तपासणारी साधने काही विशेष आज्ञा थेट डिस्ककडे पाठवतात आणि काही डिस्का त्या आज्ञांनी जागच्या जागी थिजतात. 'टी' हे अक्षर त्या आज्ञा रोखते. सीगेटच्या अनेक डिस्कांसाठी ही नोंद कर्नेलमध्येच करून ठेवलेली आहे. डिस्क एरवी नीट चालते आणि आरोग्य-तपासणी सुरू होताच अडकते, असे असेल तर याचा विचार करावा.

वीजबचत

यूएसबी ३ मध्ये काम नसताना जोडणीला टप्प्याटप्प्याने निद्रेत नेण्याची सोय आहे. काही उपकरणे या निद्रेतून नीट जागी होत नाहीत. नव्या कर्नेलमध्ये वा नव्या वीजबचत साधनात ही सोय आधीपेक्षा काटेकोरपणे वापरली गेली, तर रिकामे बसलेले उपकरण तुटते, काम चालू असताना मात्र तुटत नाही. यूएएसच्या दोषात नेमके याच्या उलट घडते, हा दोहोंतील फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यूएसबीकोअर या भागाचा ऑटोसस्पेंड हा पर्याय उणे एक ठेवल्यास उपकरणे आपोआप निद्रेत जाणे थांबते. वीजबचतीची स्वतंत्र साधने बसवलेली असतील, तर त्यांच्या मांडणीतही पाहावे लागते.

फाइल प्रणालीतील बदल

डिस्क दिसते, विभाग दिसतात, पण उघडत नाहीत, हा प्रकार विंडोजबरोबर सामाईक वापरल्या जाणाऱ्या उपकरणांत विशेष आढळतो. एक्सफॅट ही फाइल प्रणाली कर्नेलमध्ये प्रायोगिक रूपात २०१९ च्या अखेरीस ५.४ या आवृत्तीत आली आणि मे २०२० मधील ५.७ या आवृत्तीत तिचा नवा ड्रायव्हर आला. त्यापूर्वी तिच्यासाठी कर्नेलबाहेरील मॉड्यूल वा साधने वापरावी लागत. असे बाहेरचे मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधावे लागते. ते बांधणे फसले तर अद्ययावतीकरणानंतर कार्ड वाचले जात नाही.

एनटीएफएसच्या बाबतीत बदल अधिक जाणवला. पूर्वी बहुतेक वितरणे एनटीएफएस-३जी हे कर्नेलबाहेरून चालणारे साधन वापरीत. ऑक्टोबर २०२१ मधील ५.१५ या आवृत्तीत पॅरागॉन कंपनीने लिहिलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आला आणि काही वितरणांनी त्याचा अवलंब केला. डिस्क नीट बंद न करता उपसून काढली गेली असेल तर तिच्यावर 'अस्वच्छ' अशी खूण राहते. ही खूण दिसताच नवा ड्रायव्हर डिस्क जोडण्यास नकार देतो. माउंट ही आज्ञा अशा वेळी फाइल प्रणालीचा प्रकार चुकीचा असावा किंवा मुख्य नोंद खराब असावी, असा मोघम व भयप्रद संदेश देते. खरे कारण डीमेसेजमध्ये असते. डिस्क विंडोज संगणकाला जोडून तेथील चेकडिस्क हे साधन चालवणे, हा यावरचा योग्य उपाय आहे. लिनक्समधील एनटीएफएसफिक्स ही आज्ञा डी या पर्यायासह दिल्यास खूण पुसली जाते, पण तिला दुरुस्ती म्हणता येणार नाही. जबरदस्तीने जोडण्याचा फोर्स हा पर्यायही आहे. महत्त्वाची माहिती असेल तर तो न वापरणेच श्रेयस्कर, आणि वापरायचाच असेल तर केवळ वाचनासाठी जोडून आधी प्रत काढून घ्यावी.

मराठी वाचकांना हमखास भेडसावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे देवनागरी नावांच्या फाइली पेनड्राइव्हवर प्रश्नचिन्हांच्या रांगेसारख्या दिसणे. डेस्कटॉप फॅट विभाग जोडताना यूटीएफ-८ हा पर्याय आपणहून देतो. अद्ययावतीकरणानंतर डेस्कटॉपकडून उपकरण उघडेना म्हणून ते माउंट आज्ञेने हाती जोडले आणि हा पर्याय द्यायचा राहिला, की नावांची प्रश्नचिन्हे होतात. फाइली बिघडलेल्या नसतात. त्यांची लांब नावे फॅटमध्ये युनिकोड रूपातच साठवलेली असतात. विभाग सोडवून यूटीएफ-८ सह पुन्हा जोडला की नावे पूर्ववत दिसतात. ती प्रश्नचिन्हे पाहून फाइलींची नावे बदलत सुटू नये.

यूएसबी डिस्कवरूनच सुरू होणारे संगणक

संपूर्ण प्रणालीच बाह्य डिस्कवर असेल, तर ड्रायव्हर डिस्कवर आणि डिस्क उघडण्यासाठी ड्रायव्हर हवा, असा पेच पडतो. तो सोडवण्यासाठी इनिट-रॅमएफएस नावाचे छोटे गाठोडे कर्नेलबरोबर स्मृतीत आणले जाते. त्यात आरंभी लागणारी मॉड्यूले असतात. नव्या कर्नेलसाठी बांधलेल्या गाठोड्यात यूएसबी-स्टोरेज असले तरी यूएएस राहून गेले असेल, तर मूळ विभाग सापडत नाही आणि संगणक अर्ध्या वाटेवर एका काळ्या आज्ञा-पडद्याशी थांबतो. जुन्या कर्नेलने संगणक सुरू करून, यूएएस समाविष्ट करून, गाठोडे पुन्हा बांधावे लागते. डेबियन व उबंटूमध्ये अपडेट-इनिटरॅमएफएस, फेडोरात ड्रॅकट आणि आर्चमध्ये एमकेइनिटसीपीआयओ या आज्ञा त्यासाठी आहेत. डिस्क फिरू लागण्यास वेळ लागत असेल, तर रूटवेट वा रूटडिले हे पर्याय देऊन कर्नेलला थोडे थांबण्यास सांगता येते.

एसडीए, एसडीबी ही डिस्कांची नावे त्या ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरतात आणि नव्या कर्नेलमध्ये तो क्रम बदलू शकतो. एफएसटॅब या फाइलीत ही नावे लिहून ठेवलेली असतील, तर भलतीच डिस्क भलत्या ठिकाणी जोडली जाण्याचा धोका असतो. त्याऐवजी प्रत्येक विभागाचा यूयूआयडी हा कायमचा ओळख-क्रमांक लिहावा.

जुन्या कर्नेलशी तुलना

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' या म्हणीचा प्रत्यय येथे वारंवार येतो. पेनड्राइव्हचे आयुष्य संपणे आणि कर्नेल बदलणे या गोष्टी योगायोगाने एकाच आठवड्यात घडू शकतात. मोठ्या अद्ययावतीकरणात कर्नेलबरोबर इतर शेकडो पॅकेजेही बदलतात. म्हणून दोष खरोखर कर्नेलचा आहे की नाही, हे तुलनेनेच ठरवावे. संगणक सुरू होताना ग्रबच्या यादीतील प्रगत पर्यायांतून आधीचे कर्नेल निवडावे आणि तेच उपकरण त्याच पोर्टला, त्याच केबलने जोडावे. जुन्या कर्नेलवर ते चालले व नव्यावर चालले नाही, असे दोन-तीनदा अनुभवास आले तर निष्कर्ष पक्का. दोन्हींवर न चालल्यास कर्नेल निर्दोष आहे असे मानून उपकरण दुसऱ्या संगणकावर तपासावे.

या दुसऱ्या संगणकावर विंडोज असेल, तर फार सावध राहावे लागते. एक्सटी४ सारख्या लिनक्सच्या फाइल प्रणाली विंडोजला उघडता येत नाहीत, आणि अशी डिस्क जोडताच ती वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, असा प्रश्न ते विचारते. येथे होकार दिला की जे धडधाकट होते ते पुसले जाते. डिस्क खराब झाल्याचा तो पुरावा नव्हे. त्या संगणकाला ती भाषा येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उपकरणच खरोखर खराब होत चालल्याची चिन्हे निराळी असतात. ठरावीक ठिकाणी वाचनाच्या चुका येणे, डिस्कमधून टकटक आवाज येणे, कोणत्याही कर्नेलवर तीच लक्षणे दिसणे, ही त्यांपैकी काही. तशा वेळी दुरुस्तीचे प्रयोग न करता डीडीरेस्क्यू या साधनाने डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि पुढील सारे प्रयत्न त्या प्रतीवर करावेत. फाइल प्रणाली दुरुस्त करणारी साधने मूळ डिस्कवर लिहितात. तुटक जोडणी असताना ती चालवल्यास बऱ्या स्थितीतील डिस्कही बिघडू शकते.

दोष कळवणे

आधी चालणारी गोष्ट नव्या कर्नेलमध्ये बंद पडली, तर ती पीछेहाट मानून दुरुस्त करावी, हा लिनस टोरवाल्ड्स यांनी सातत्याने आग्रहाने धरलेला नियम आहे. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याच्या तक्रारीलाही वजन असते. अट एवढीच की ती नेमकी असावी. कोणत्या आवृत्तीपर्यंत उपकरण चालत होते, कोणत्या आवृत्तीपासून बंद पडले, दोन्ही वेळच्या संपूर्ण कर्नेल-नोंदी आणि उपकरणाचे ओळख-क्रमांक, एवढे दिल्यास बहुतेक काम होते. प्रथम आपल्या वितरणाकडे कळवावे, कारण अनेक वितरणे कर्नेलमध्ये स्वतःचे फेरफार करतात. ज्याची तयारी आहे त्याला गिटमधील बायसेक्ट या पद्धतीने दोषी बदल स्वतः शोधता येतो. चालणाऱ्या व न चालणाऱ्या आवृत्तींच्या बरोबर मध्यावरचे कर्नेल बांधून तपासायचे, मग दोषी अर्ध्याचा मध्य घ्यायचा, असे करीत गेल्यास दहा हजार बदलांतून एक बदल सुमारे चौदा चाचण्यांत हाती लागतो.

सेतू-चिपेचा दोष सिद्ध झाला की तिचे क्रमांक कर्नेलमधील अपवाद-यादीत घातले जातात. यूएसबी-स्टोरेज आणि यूएएस यांच्यासाठी अशा दोन स्वतंत्र याद्या आहेत. यूएएसच्या यादीतील कित्येक नोंदींबरोबर दोष कळवणाऱ्या वापरकर्त्याचे नावही लिहिलेले आढळते. ही नोंद पुढे स्थिर आवृत्तींतही नेली जाते. ती आपल्या वितरणाच्या कर्नेलमध्ये आल्यावर आज्ञा-ओळीत स्वतः लिहिलेला क्वर्क्सचा पर्याय काढून टाकता येतो.